परशरामची शिंक

निघायच्या वेळी कुणी शिंकलं की माणसं दोन घटका थांबतात, पाणी पितात. तम्मण्णांच्या निपाणीच्या वखारीत मात्र उलटा न्याय होता. तिथं माल पारखणारा परशराम शिंकला नाही, तर काम अडायचं.

शेतकऱ्यानं तंबाखूचं बोद, म्हणजे गोणपाटात बांधलेला गठ्ठा, सोडलं की परशराम त्यात कोपरापर्यंत हात घाली, तळची मूठ काढी आणि नाकाला लावी. शिंक आली की तम्मण्णा म्हणायचे, "घ्या आत." नाही आली की गाडी परत. भाव, वजन सगळं त्यानंतर. या नाकाचा परशरामला इतका तोरा होता की लग्नाच्या पंगतीतसुद्धा तो आमटी आधी हुंगायचा.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी, ऐन हंगामात, ते नाक बंद पडलं. तो गुपचूप बेळगावला, खडेबाजारातल्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी थेंबांची बाटली दिली आणि दोन-चार दिवसच घाला, असं बजावलं. पहिल्याच थेंबाला दार उघडावं तसं नाक मोकळं झालं. परशराम हरखला. मग कसले दोन-चार दिवस? वखारीमागं जाऊन तो सारखे थेंब सोडू लागला, बाटली संपली की नवी मागवू लागला.

आणखी एक गोष्ट झाली. वखारीतल्या माणसाला रोज सकाळी काळा शेंबूड पडतो, तसा त्याला पडेनासा झाला. नाक आतून लख्ख झालं, असं त्यानं बायकोला, चंपाबाईला, फुशारकीनं सांगितलं. शहाणा! धूळ तर रोज आत जातच होती.

हळूहळू वास कमी झाला, मग गेलाच. शिंक येईना. आपलं नाक मेलं हे सांगायची त्याला लाज वाटली, म्हणून तो खोटं शिंकू लागला. अशा एका शिंकेवर कुबट माल आत गेला. तम्मण्णा रागावले नाहीत. सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, की परशराम, जरा बघून शिंकत जा. हमालसुद्धा हसले. परशरामला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसऱ्याच दिवशी गाडी आली ती मष्णूची, चंपाबाईच्या थोरल्या भावाची. मष्णूचा तंबाखू म्हणजे त्याचा जीव. पानाला मुलासारखं जपणारा माणूस. परशरामनं मूठ नाकाला लावली. काहीच नाही. खोटं शिंकावं, तर मेव्हण्याचा माल घुसवला म्हणतील. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"मेलाय माल," तो म्हणाला.

मष्णूनं हुज्जत घातली नाही. बहिणीला मिश्रीसाठी त्याच तंबाखूची पुडी घरी दिली आणि बैल वळवले.

त्या दिवशी परशरामला जेवण गेलं नाही. तो पुन्हा डॉक्टरांकडे गेला. त्यांनी चांगलंच फैलावर घेतलं. नाकात आत डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात, वाऱ्यावर भात डोलावं तसे ते एकाच दिशेनं हलत असतात आणि धुळीसकट शेंबूड बाहेरच्या वाटेला लावतात. थेंबांचा असा मारा केला की ते केस सुस्तावतात. वाट मोकळी दिसते, पण झाडणाराच झोपलेला. शेंबूड थांबला तेव्हाच यायला हवं होतं, असं ते म्हणाले.

परशरामनं बाटली फेकली. नाक आधी गच्च चोंदलं, तो तोंडानं श्वास घेत राहिला. मग एका सकाळी काळा शेंबूड पडू लागला. इतका आनंद त्याला मुलगा झाला तेव्हाही झाला नव्हता.

आणि अशाच एका सकाळी चंपाबाईनं भावाच्या पुडीतला तंबाखू मिश्रीसाठी तव्यावर टाकला. परशराम अंगणात होता. त्याला शिंक आली. मग दुसरी. मग थांबेचनात.

चंपाबाई तवा उतरवून दारात आली. "अण्णाचा माल हाय ह्यो," ती म्हणाली. "मेलेला."

तो तसाच मष्णूच्या गावाला निघाला. तम्मण्णांच्या पाया पडू, माल परत आणू, सगळं सांगू, असं वाटभर मनाशी घोकत होता. मष्णू गोठ्यापाशी उकिरडा सारखा करत होता. परशराम जवळ गेला आणि त्याला पुन्हा शिंक आली. शेणाखालून तोच कडक, गोड वास येत होता.

"सर्दी झालीया व्हय दाजी?" मष्णूनं विचारलं.

"माल कुठं हाय रं?"

"ह्यो काय. खताला घातला. दुसऱ्या वखारीला न्हे म्हनत हुते लोक. पर तुमी मेलाय म्हटलासा. तुमचं नाक कवा चुकलंय?"

परशरामला त्याच्याकडे बघवेना. "चांगला हुता माल," तो उकिरड्याकडे बघत म्हणाला. "माजंच नाक मेलं हुतं. मला ठावं हुतं."

मष्णूनं फावडं उकिरड्यात रोवलं. मग त्यानं घराकडे तोंड करून बायकोला हाक दिली, दाजी आल्यात, चहा टाक म्हणून.

चुलीवर गूळ विरघळत होता. अंगणात मान खाली घालून बसलेल्या परशरामला त्याचा वास अगदी स्वच्छ येत होता.