जाळरेषेवरचा वारलूभाऊ

"आता काडी नाई लावत, साहेब," म्हणत वारलूभाऊ जाळरेषेवरच बसला.

जाळरेषा म्हणजे जंगलातून काढलेला लांब पट्टा. उन्हाळ्याआधी तिथला पाचोळा आपणच जाळून टाकायचा. मग वैशाखातला वणवा तिथवर येऊन थांबतो. धानोऱ्याच्या जंगलात वारलूभाऊ वीस वर्षं हे काम करत होता. मी छप्पन सालच्या फेब्रुवारीत तिथे नवा नाकेदार, म्हणजे जंगलाचा रखवालदार, म्हणून रुजू झालो होतो.

"का नाही?" आमच्या रेंजर साहेबांनी विचारलं. त्यांना त्याच दिवशी काम संपवायचं होतं.

"वारा गावाकडं फिरून राह्यला. सकाळी दवात लावू. तवा आग दबून चालते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. नोकरी नवी होती. मी काडी ओढली.

घटकाभरात आगीने पट्टा ओलांडला. वारलूभाऊ धावत नाल्यापाशी गेला आणि गावाच्या बाजूने त्याने दुसरी आग लावली. मागे नाला असल्याने ती पाचोळा खात पहिलीकडेच सरकली. दोन्ही भिडल्या आणि जळायला काही न उरल्याने विझल्या. गाव वाचलं. मधल्या पट्टीत त्याच्याच बैलांसाठी रचलेली तणस, धानाचा पेंढा, होती, ती गेली. काडी लावण्याआधी त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं होतं.

आग वारलूने लावली, असं साहेबांनी वर कळवलं. चौकशीत मला विचारलं तेव्हा मी मान खाली घातली. त्याचं काम सुटलं.

आठ दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको धुरपताबाई तांदूळ पाखडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"भाऊ, मी खरं सांगून टाकतो."

"आता सांगून का होते, बाबू?" तो म्हणाला. "तुमची नोकरी जाईन, दुसरा नवा नाकेदार येईन. त्याले पयल्यापासून वारा शिकवा लागन."

मी सांगितलं नाही. आज सत्तरी ओलांडली, तरी त्याचं उत्तर मला पुरत नाही.

पुढच्या फेब्रुवारीत जाळरेषेवर आम्ही पोचलो, तेव्हा वारलूभाऊ आधीच येऊन उभा होता. पाचोळा दवाने ओलसर होता. त्याने मूठभर माती हवेत सोडली, ती कुठे पडते ते पाहिलं.

"लावा आता."

आग गुडघ्याएवढीच राहिली, गुरांच्या कळपासारखी संथ चालत गेली. त्या ओल्या धुराचा वास अजून आठवतो. शेवटचा धूर बसेपर्यंत तो हिरवी डहाळी घेऊन पलीकडे उभा होता.

मग मी हजेरी घेतली. एकेक मजूर 'हो' म्हणत गेला. वहीत नाव नसलेला वारलूभाऊ तेव्हा डहाळी खांद्यावर टाकून गावाच्या वाटेला लागला होता.