शनिवारचं तेल

"ती बाटली इकडे आण," चंद्रमती म्हणाली.

भुवनानं कॉफीचा पेला स्टुलावर ठेवला आणि आतून तेलाची बाटली आणून सासूच्या हातात दिली. चंद्रमतीनं बूच काढलं, बाटली नाकाजवळ नेली, डोळे मिटून हुंगलं, मग पुन्हा हुंगलं. वास रोजचाच होता. खोबरेल, मेथी आणि थोडा वाळा. वास रोजचाच असावा, हेच तिला खटकलं.

"काय झालं, अत्तै?"

"काही नाही. जा तू."

सून आत गेल्यावर तिनं उजवा हात खिडकीच्या उजेडात धरला. हाताच्या पाठीवर, मनगटावर आणि तिथून कोपराकडे लांबट लाल पट्टे उठले होते, आणि पट्ट्यांवर पाणी धरलेले फोड. शुक्रवारी हातावर जुने डाग तेवढे होते, फोड नव्हते. शनिवारी संध्याकाळी भुवनानं तेल चोळलं आणि आज रविवारी हे असं. मागल्या रविवारीही असंच झालं होतं, आणि त्याच्या मागल्याही. फोड फुटायचे, खपली धरायची, खपलीखाली काळपट डाग राहायचा, आणि डाग विरायच्या आत त्याच जागी नवे फोड.

चंद्रमती एका लेडीज हॉस्टेलची मेट्रन होती. सगळी नोकरी तिनं तिथंच काढली. ओढणीच्या वासावरून पोरगी कुठं जाऊन आली ते ती सांगायची. "मावशीला बरं नव्हतं मॅडम" असं कुणी म्हटलं की मावशी कुठल्या गावची, कुठल्या रस्त्याला राहते, दार कुठल्या तोंडाचं, असं विचारत जायची, आणि तिसऱ्या प्रश्नाला पोरगी रडायची. तिचा संशय क्वचितच चुकला, असं ती म्हणायची. चुकलाही असेल, पण ज्यांच्यावर चुकला त्या मुली हॉस्टेल सोडून गेल्या होत्या. ते सांगायला मागे कोण राहणार?

नोकरी सुटली, पण सवय सुटली नाही. आणि घरात संशय घेण्याजोगं माणूस एकच होतं.

भुवना ओरत्तनाडूची, तमिळ घरातली. चंद्रमतीच्या मुलाच्या, साईरामच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची. त्यानं एक दिवस सांगितलं, लग्न करीन तर हिच्याशी. चंद्रमतीच्या घरात या तमिळ मुलखातल्या मराठी राजांच्या वेळेपासून मराठी बोलत आले होते. वाचायला कुणालाच येत नव्हती, पण बोलत आले होते. लग्न झालं. भुवनानं दोन वर्षांत घरची भाषा उचलली, आंबट वरण शिकली, पुरणपोळी शिकली. चंद्रमतीला वाटायचं, एवढं भराभर शिकते म्हणजे हिच्या मनात काहीतरी आहे.

पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास चंद्रमतीचा डावा खांदा धरला. हात वर जाईना. भुवनाच्या आईनं मुळ्या घालून तेल कढवलं आणि पाठवलं. दर शनिवारी भुवना पाटावर बसून सासूच्या हाताला ते चोळायची, खांद्यापासून बोटांपर्यंत. दुखणं डाव्या हाताचं, पण ती उजव्यालाही लावायची.

"तो चांगला आहे ना, त्याला कशाला?"

"एकालाच लावलं तर दुसरा रुसेल, अत्तै."

त्याच तमिळ तै महिन्याच्या पहिल्या शुक्रवारपासून चंद्रमतीनं दुर्गेला लिंबाचे दिवे लावायचा नेम धरला होता. जोशानं साईरामच्या पत्रिकेत राहू दाखवला होता. शुक्रवारी सकाळी राहुकाळ लागला की देवळात देवीपुढे बायांची रांग बसायची. लिंबू अर्धं चिरायचं, मुठीत पिळायचं, साल उलटी करून तिची वाटी करायची, तीत तूप आणि वात. देवीकडे काय मागायचं ते चंद्रमतीनं कुणाला सांगितलं नव्हतं. दिवे लावून ती टाउन बसची वाट बघत भर उन्हात उभी राहायची आणि जेवायच्या वेळेला घरी यायची. फोड वाढले तसे तिनं दिवेही वाढवले.

पुढल्या शनिवारी तिनं सापळा लावला. अपराध्याला रंगेहाथ कसं पकडावं, हे तिला येत होतं.

"आज डाव्यालाच लाव. उजव्याला नक्को."

"रुसेल तो," भुवना हसली.

"रुसू दे."

भुवनानं डाव्या हातालाच तेल लावलं. रविवारी सकाळी चंद्रमती उठली तर फोड होते, आणि होते ते उजव्या हाताला. डावा हात साफ होता.

दुसरं कुणी असतं तर त्यानं तेलाला सोडून दिलं असतं. चंद्रमती बराच वेळ हाताकडे बघत बसली आणि मनाशी म्हणाली, पोरगी हुशार आहे. तिला सापळा कळला. तिनं तेल पुसायला दिलेल्या टॉवेलात काहीतरी घातलं.

सोमवारी ती एकटीच कातडीच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर तरुण मुलगी होती, तिनं "पाट्टी", म्हणजे आजी, म्हणून हाक मारली ते चंद्रमतीला आवडलं नाही. भिंग लावून तिनं हात उलटासुलटा बघितला.

"पाट्टी, लिंबू हाताळता का?"

"लिंबू?"

"लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि वर कडक ऊन लागलं की असं भाजतं. लगेच नाही, दोन दिवसांनी वर येतं. सरबतवाले येतात माझ्याकडे असे हात घेऊन."

"स्वयंपाकघर सुनेच्या हातात आहे. मी लिंबू चिरून वर्ष झालं असेल."

"लोणचं घालता?"

"विकत आणतो."

"मग कुठून तरी लागतंय. घरी नीट बघा." तिनं मलम लिहून दिलं.

चंद्रमती खोटं बोलली नव्हती. खोटं बोलणाऱ्यांचा तिला तिटकाराच होता. ऑटोत बसल्यावर तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. लिंबू मी हाताळत नाही, मग कुणीतरी मला ते लावतंय. घरी येऊन तिनं पुन्हा बाटली उघडली. आता वास आला. पुसट होता, पण लिंबाचाच होता. शोधायला बसलं की सापडतं, तसा तो तिला सापडला.

संध्याकाळी साईराम आणि भुवना कामावरून आले. चपला काढतात न काढतात तोच तिनं विचारलं, "तेलात लिंबू कोण पिळतं? तू की तुझी आई?"

"अम्मा, काय बोलतेस?" साईराम म्हणाला.

"मी नाही, डॉक्टर बोलली. लिंबानं भाजतंय म्हणाली."

भुवनानं खांद्यावरची पर्स तशीच ठेवली. "पण परवा उजव्या हाताला तेल लावलंच नव्हतं, अत्तै. तुम्हीच नक्को म्हणालात."

चंद्रमती याचीच वाट बघत होती. "म्हणूनच विचारते. त्या दिवशी टॉवेल कुणी दिला मला?"

भुवनानं पर्स खाली ठेवली. मग आत गेली, तेल मोरीत ओतून टाकलं, बाटली साबणानं धुतली, पुन्हा धुतली आणि ओट्यावर पालथी घातली.

"आईची बाटली आहे," ती बाहेर येऊन म्हणाली. "परत द्यायची आहे."

त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीच्या जिन्यात साईराम बायकोला सांगत होता, "मेडिकल कॉलेज रोडला घर रिकामं आहे. रविवारी बघून येऊ."

"नक्को, साई. त्यांचा खांदा उचलत नाही. केस कोण विंचरून देईल? एकट्या पडतील."

"तुला एवढं बोलली तरी?"

"बोलल्या. तरी नक्को."

चंद्रमती दाराआड उभी होती. मुलगा घर सोडायला निघाला आहे हे ऐकून ती हादरली. सून त्याला अडवते आहे हे ऐकून मात्र तिला बरं वाटलं नाही. तिला वाटलं, हिला हे घर हवंय.

शुक्रवारी ती दुप्पट लिंबं घेऊन गेली. साईरामनं जाऊ नये, दुसरीनंच जावं, असं तिला या वेळी देवीला स्वच्छ सांगायचं होतं.

रांगेत तिच्या शेजारी एक तरुण बाई बसली होती. नव्यानंच येऊ लागली असावी. ताटाला हळदकुंकू, नऊ लिंबं, सगळं टापटीप. तिनं तुपाची वाटी पुढे ओढली तेव्हा पदर सरकला आणि चंद्रमतीला तिचा हात दिसला. हाताची पाठ, मनगट आणि तिथून कोपराकडे गेलेला तपकिरी पट्टा. बाजूला दोन ताजे फोड.

"तुला तेल कोण लावतं?" चंद्रमतीनं विचारलं.

"काय मामी?"

"हाताला. सून नाही तुला, वय नाही. सासू लावते का तेल?"

बाई हसली. "सासू मदुरैला. फोनवरून टोचते, तेवढंच लागतं अंगाला. मी राजलक्ष्मी. मूल व्हावं म्हणून दिवे लावते."

"मग हे कुणी केलं?"

"कुणी करायचंय? हे अम्मनचं, देवीचं आहे. आपली पीडा ती अशी बाहेर काढते म्हणतात. त्या कोपऱ्यातल्या मामींचा हात बघा, माझ्याहून जास्त. त्यांची पीडा मोठी असेल."

चंद्रमतीनं मान वळवून रांग बघितली. कोपऱ्यातल्या बाईच्या हाताला डाग होता. तिच्या पलीकडचीच्याही. एकीच्या डाव्या हाताला होता, आणि ती डावखुरी होती, लिंबू डाव्या मुठीत पिळत होती.

मग तिनं स्वतःच्या मुठीकडे बघितलं. अर्धं लिंबू तीत दाबलेलं होतं. रस अंगठ्याखालून निघून मनगटावर आला होता आणि तिथून कोपराकडे चालला होता, जुन्या डागावरून, जराही इकडेतिकडे न होता.

डॉक्टरनं विचारलं होतं, आणि तिनं नाही म्हणून सांगितलं होतं. लिंबू म्हणजे ताटातलं, भातावर पिळायचं. देवीपुढचं तिच्या लेखी लिंबू नव्हतंच, तो दिवा होता. आणि इथून निघाल्यावर बस येईपर्यंतचं ते ऊन.

ती उठली, नळावर गेली, खसाखसा हात धुतले. परत येऊन तिनं राजलक्ष्मीचं मनगट धरलं.

"चल, हात धू. उन्हात जायच्या आधी धू."

"का मामी? माझे दिवे व्हायचेत अजून."

"या रसानं होतंय ते. ऐक माझं."

राजलक्ष्मीनं हात सोडवून घेतला. आधी ती हसत होती, आता हसत नव्हती. ही म्हातारी कोण, माझा दिवा का थांबवते, हिचं यात काय आहे, हे सगळं तिच्या डोळ्यांत एकामागून एक आलं. तिनं ताट उचललं आणि दोन बायांच्या पलीकडे जाऊन बसली. चंद्रमती तिथंच उभी राहिली. असं बघणं तिला चांगलं ठाऊक होतं, पण तिच्याकडे असं आजवर कुणी बघितलं नव्हतं.

संध्याकाळी भुवना एकटीच आली. साईराम मित्राकडे थांबला होता. ती पाय धुऊन बाहेर आली तेव्हा चंद्रमती खुर्चीत बसून होती, दिवाही लावला नव्हता.

"तेल नव्हतं ते," चंद्रमती म्हणाली. "दिव्यांचं लिंबू होतं. रस आणि वरून ऊन."

भुवनानं बटण दाबलं. "डॉक्टर म्हणाली?"

"डॉक्टरनं तेव्हाच विचारलं होतं. मला उमजलं नाही. चूक माझी झाली."

असं वाक्य तिनं हॉस्टेलात मुलींकडून पुष्कळ वेळा वदवून घेतलं होतं. ते उच्चारायला इतका वेळ लागतो हे तिला ठाऊक नव्हतं.

"सरी, असू दे, अत्तै," भुवना म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला.

"तुझ्या आईला सांग. मी तिला वाईट बोलले."

"आईला कळलंच नाही काही. असलं मी तिला कसं सांगणार? बाटली रिकामी झाली म्हटलं, तर ती नवं कढवायला बसली." ती सासूसमोर वेताच्या मोड्यावर बसली. मग सहज, खरंच माहीत करून घ्यायचं म्हणून, तिनं विचारलं, "दिवे कशासाठी होते?"

हॉस्टेलमधली सगळी उत्तरं चंद्रमतीला पाठ होती. बस चुकली, मावशी आजारी, घड्याळ बंद पडलं. साईच्या तब्येतीसाठी, हे उत्तर तर अगदी तोंडाशी आलं होतं. भुवनानं ते खरंही मानलं असतं. ही मुलगी दुसरा प्रश्न विचारणाऱ्यांतली नव्हती.

"त्यानं तुला सोडावं म्हणून," चंद्रमती म्हणाली.

रस्त्यावरून एक ऑटो गेली.

"दर शुक्रवारी?"

"दर शुक्रवारी."

"आणि शनिवारी मी…" भुवनानं पुढचं बोलणं सोडून दिलं. मग ती म्हणाली, "वेगळ्या घराला मी नक्को म्हणत होते, अत्तै."

"ऐकलं होतं मी."

"आता म्हणणार नाही."

ती उठून आत गेली. आता ती बाहेर येणार नाही असं चंद्रमतीला वाटलं. पण ती आली. परसातली कोरफड चिरून तिचा गर वाटीत काढून आणला होता. वाटी तिनं स्टुलावर ठेवली आणि समोर बसली.

चंद्रमतीनं सवयीनं उजवा हात पुढे केला.

भुवनाचे हात मांडीवरच राहिले. "तुम्हीच लावून घ्या," ती हळू म्हणाली.

चंद्रमतीनं हात मागे घेतला. डाव्या हाताच्या बोटांनी गर उचलला आणि उजव्या हाताच्या पाठीवर लावला. मग मनगटावर. त्याच्या वर जायचं तर डावा खांदा उचलावा लागत होता आणि तो उचलत नव्हता. तिनं उजवा हात गुडघ्यावर ठेवून पाहिला, मग अंग वळवून पाहिलं. कोपराजवळचा पट्टा कोरडाच राहिला. भुवना ते बघत होती. एकदा तिची बोटं हलली, मग तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं.

"पुरे झालं एवढं," चंद्रमती म्हणाली आणि बोटांना राहिलेला गर वाटीच्या काठाला पुसला.