निळेबाबांची पुडी आणि कानबाईचे रोट

१९८८ च्या श्रावणातला शुक्रवार. पारोळ्यात किल्ल्यासमोरच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध निळेबाबा, शेजारी स्पिरिटचा दिवा आणि दिव्यावर परीक्षानळी धरून मी. नळीत निळं बेनेडिक्ट द्रावण, त्यात माझ्या लघवीचे आठ थेंब. साखर असली तर उकळल्यावर रंग विटकरी होतो, नसली तर निळाच राहतो. एकवीस दिवसांपूर्वी इथेच माझी नळी विटकरी झाली होती. आज निळीच राहिली, आणि मांडव टाळ्यांनी दणाणला. तेवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण टाळ्या मिळाल्या त्या पहिल्यांदाच. नळी मी चारी दिशांना दाखवली, एका दिशेला दोनदा.

"साखर म्हणजे मागच्या जन्माची उरलेली गोडी," निळेबाबा सांगत होते. "डॉक्टर ती सुईने टोचून काढतो, आम्ही पुडीने समजावून काढतो."

पुडी सकाळ-संध्याकाळ घ्यायची. तिचं तेज धान्याला सहन होत नाही, म्हणून एकवीस दिवस भाकरी, भात, गूळ, केळं वर्ज्य. भरीत, मेथी, ताक, अंडी, मूठभर शेंगदाणे चालतील. त्यानंतर पुडी चालू ठेवा आणि काहीही खा, साखर फिरकणार नाही. मी हे सगळं वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं होतं. त्यावर एकही प्रश्न विचारायचं मात्र सुचलं नाही.

मांडवातून उतरताना पितांबर आडवा आला. त्याची मंजुळा माझ्या सहावीच्या वर्गात. दोन वर्षांपासून तिलाही मधुमेह होता आणि रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागे. काचेची सिरिंज पितांबरच रोज उकळून टोचे.

"सर, तुमनी बठ्ठी साखर निघी गयी. मनी पोरनी सुई बंद करी टाकू का? रोज रडस ती."

मी म्हणालो, "माझी नळी पाहिलीस ना?" त्याला तेवढं पुरलं. पोरीसाठी त्याने तिथेच पुडी घेतली.

रविवारी कानबाई, आम्हा खानदेशींची श्रावणातली देवी, घरी बसली. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू मोजतात आणि त्यांचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, भाऊबंदांनीच संपवायचे असतात. बाहेर द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. एकवीस दिवस उपाशी राहिलेल्या माझ्या जिभेला हा नियम फारच पटला. पुरणाबरोबर दोन दिवसांत मी किती रोट खाल्ले ते सांगत नाही. पुडी मात्र दोन्ही वेळेला, न चुकता.

मंगळवारी सकाळी नळी उकळली. रंग हिरवा झाला, पिवळा झाला आणि थेट विटकरीवर जाऊन थांबला.

प्रयोग यापेक्षा स्वच्छ काय असणार? पुडी तीच, माणूस तोच, बदललं फक्त ताट. म्हणजे साखर पुडीने गेलीच नव्हती, भाकरी सुटली म्हणून गेली होती. सातवीच्या पोराला हे कळलं असतं. मी नळी धुतली, द्रावण शिळं असेल असं स्वतःला समजावलं आणि शाळेत गेलो. टाळ्या परत द्याव्या लागतील याची मला लाज वाटत होती.

दुपारी घरी आलो तर बायको, बेबाबाई, दारातच उभी. "पितांबरभाऊनी मंजुळा सकाळपासून ओकी राहिनी. सुई बंद शे म्हणे." तिने सकाळची नळी पाहिली होती. "आते तरी त्याले सांगा. नळी खोटी शे का तुम्ही?"

मी धावलो. पोर खाटेवर धापा टाकत होती, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता. जीप करून आम्ही धुळ्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सुई कोणी बंद केली?"

पितांबर माझ्याकडे पाहू लागला. मी म्हणालो, "मी."

तीन दिवसांनी मंजुळाने डोळे नीट उघडले. ते तीन दिवस मला फार जड गेले. त्यातच बाईंनी मला वऱ्हांड्यात उभं करून शिकवलं: माझ्या अंगात इन्सुलिन थोडंफार तयार होतं, म्हणून ताटातली भाकरी कमी झाली की भागतं. मंजुळाच्या अंगात ते तयारच होत नाही. तिने धान्य सोडलं तरी सुई सोडता येत नाही.

पुढच्या शुक्रवारी मी मांडवात गेलो. सगळ्यांसमोर पुडी घेतली, रोटांचा हिशेब दिला आणि नळी उकळली. विटकरी. दुसरी पुडी कागदावर ओतली: गोवरीची राख आणि कापूर.

निळेबाबा हसले. "मास्तरांची श्रद्धा कमी पडली."

"माझी पडली असेल," मी म्हणालो. "मंजुळाची पुरेपूर होती. म्हणून तर ती मरायला टेकली."

टाळी कुणी वाजवली नाही. बाबा पुढच्या आठवड्यात गाव सोडून गेले.

लोकहो, भाकरी कमी करा, साखर तपासत राहा. तुमच्या आजाराला काय लागू पडतं ते डॉक्टरला विचारा, आणि त्यांनी दिलेली सुई शेजाऱ्याच्या अनुभवावर बंद करू नका. शेजारी मास्तर असला तर अजिबातच नको. पितांबरने मला विचारलं तेव्हा खरं उत्तर माझ्यापाशी होतं: मला माहीत नाही. पोरांना तेवीस वर्षं हजार उत्तरं घोकायला लावली, पण हे एक देण्याइतकी हिंमत माझ्यात नव्हती.