नंदाचं स्वतःचं मत

कोरोनामुळे पक्षाची सभा ऑनलाइन होती. डीमन या आमच्या डच गावाच्या नगरपालिका निवडणुकीसाठी उमेदवार निवडायचे होते आणि यादीतल्या शेवटच्या जागेसाठी आमची नंदा उभी होती. तिच्यासाठी आम्ही मराठी बायका मुद्दाम पक्षाच्या सभासद झालो होतो. मी तर महिनाभर फोन करकरून सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं.

स्क्रीनवर निकाल आला. नंदा आणि तिच्याविरुद्ध उभी असलेली मारयोलाइन, दोघींना सारखीच मतं! अध्यक्षांनी लगेच फेरमतदान जाहीर केलं.

मला शंका आली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नंदाला मी फोन लावला. "तू मत कोणाला दिलंस गं?"

"मारयोलाइनला. स्वतःलाच कसं देणार? बरं दिसतं का ते?"

"अगं शहाणे, मग उभी कशाला राहिलीस?" मी एवढी ओरडले की फोनची गरजच नव्हती.

फेरमतदानात नंदा दोन मतांनी जिंकली. मी मास्क चढवला आणि तशीच जिना चढून वर गेले. तिनं दार उघडलं, तर टेबलावर पेढ्यांनी भरलेलं ताट.

स्वतःला मत द्यायला लाजणारी ही बाई सकाळीच पेढे वळून बसली होती!