चार शाळांचा जनरेटर

मित्रांनो, सूर्स गावच्या शाळेमागे पत्र्याच्या आडोशाला गंजत पडलेला पिवळा जनरेटर म्हणजे मीच. माझ्या झाकणाखाली एका कोंबडीने संसार थाटला आहे. मला तिचा राग नाही. निदान ती तरी मला आपलं मानते.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यातला. जहाजाने डॉमिनिका बेटावर उतरलो, तेव्हा मला घ्यायला चार शाळांची माणसं बंदरावर आली होती. या शाळा सरकारी नव्हेत, गावकऱ्यांनी चालवलेल्या. एकेकटीला कुणी दारात उभं करत नसे. एवढ्याशा छपराचा कसला विमा, असं म्हणून विमावाले हात झटकत. मग चौघी एकत्र आल्या. छपरांचा विमा एकत्र, बाकं आणि वह्या एकत्र, डिझेल एकत्र, कर्जाला जामीनही एकमेकींच्याच. आणि मी चौघींचा.

मला वाटून घ्यायची रीत त्यांनी भिशीवरून उचलली. बेटावर भिशी घरोघरी चालते. ज्याची पाळी त्याच्या हातात, आणि पाळीआधी मागायचं नाही. मागितलं की अब्रू गेली. मी महिनाभर एका शाळेत राही, मग पिकअपवर बसून दुसरीकडे जाई. मी आलो की मुलं टाळ्या वाजवत. माझा आवाज मोठा, धूरही भरपूर, पण कुणी कधी नाक मुरडलं नाही. फार सुखाचे दिवस होते ते.

मग ते चक्रीवादळ आलं. झाडं बोडकी झाली, विजेचे खांब आडवे झाले, फोन बंद पडले. तेव्हा मी वर डोंगरातल्या बेलफों शाळेत होतो. त्यांची पाळी नुकतीच सुरू झाली होती. खाली किनाऱ्यावरच्या सूर्स शाळेचं छप्पर तेवढं टिकलं, म्हणून अख्खं गाव तिथे राहायला आलं. त्यांत शाळेतल्या शिक्षिका जोसेट आणि त्यांची मुलगी एमेल होती. एमेलला दमा होता. धाप लागली की तिला नेब्युलायझरमधून औषधाची वाफ द्यावी लागे, आणि ते यंत्र विजेवर चालणारं. दवाखाना उडाला होता, हातातला औषधाचा पंप संपला होता. ओल्या गाद्यांना बुरशी धरली आणि एमेलची धाप वाढतच गेली.

हे मला मागाहून कळलं. लोक माझ्याजवळ बसून बोलत, तेव्हा.

जोसेट मुख्याध्यापिकांकडे, मिस व्हर्लिनांकडे गेल्या. “मिस, बेलफोंला निरोप धाडा ना. चार दिवस जनरेटर द्या म्हणावं.”

“अगं, पाळी त्यांची आहे. आपल्या चौघींतल्या मोर्नच्या शाळेने मध्येच मागितला होता, तेव्हा आपणच नव्हतो का हसलो? उतावळ्यांची शाळा म्हणून नाव पाडलं त्यांचं. आता कुठल्या तोंडाने मागू?”

“मग मी जाते.”

“तू गेलीस तरी शाळाच मागायला आली म्हणतील. थोडी कळ सोस. पोर चिवट आहे तुझी.”

जोसेट तरीही गेल्या असत्या. पण धापा टाकणाऱ्या लेकीला सोडून जाणार कशा?

वर बेलफोंचे ऑक्टाव्ह मास्तर काही दगड नव्हते. माझ्या विजेवर ते गावाच्या विजेऱ्या चार्ज करून देत, मासळीचा फ्रीज चालवत. रस्ता लोकांनी कोयत्यांनी मोकळा केला, तेव्हा त्यांची बायको म्हणाली, “अहो, किनाऱ्यावर कसं चाललं असेल? द्या की हा खाली पाठवून.”

“नडलं असतं तर आले नसते का? न मागता नेला, तर व्हर्लिना म्हणेल, आम्हाला भिकारी समजलात? तिचा ताठा तुला ठाऊक नाही.”

मी खडखडत राहिलो. पाय असते तर मीच उतरलो असतो.

महिना भरला. मास्तरांनी मला पुसलं, टाकी काठोकाठ भरली, शेजारी रताळ्यांची टोपली ठेवली आणि सूर्सच्या अंगणात आणलं. “घ्या मिस, तुमची पाळी! एक दिवस इकडचा तिकडे केला नाही!” ते गाडीतूनच ओरडले.

मिस व्हर्लिनांनी वर पाहिलं नाही. पायरीवर जोसेट बसल्या होत्या. “मास्तर, अगदी वेळेवर आणलात,” त्या म्हणाल्या. “सुतार केव्हाचा थांबलाय.”

सुताराने मला चालू केलं आणि त्याची विजेची करवत जोडली. शवपेटीच्या फळ्या आखूड होत्या. काम लवकर आटोपलं.

त्यानंतर मला कुणी नेलं नाही. चार शाळा एकमेकींच्या तोंडाकडे पाहीनाशा झाल्या. एकत्र विमा मोडला, एकत्र खरेदी थांबली. पुढच्या वादळात मोर्नची शाळा गेली ती गेलीच. एखादा नवा मुलगा विचारतो, हे यंत्र इथे का? मोठी माणसं त्याला हात धरून दुसरीकडे नेतात.

मित्रांनो, चौघांनी मिळून एखादी वस्तू घेतलीत, तर माझं एवढं ऐका. गरज पडली तर मागायला लाजू नका, आणि ती वस्तू तुमच्याकडे असेल तर कुणी मागायला येईल म्हणून वाट पाहत बसू नका. तो महिनाभर मी धडधाकट होतो. टाकीत डिझेल होतं. बेलफोंहून इथवर यायला गाडीने अर्धा तास लागतो.