पाटीवरची तारीख

फुकटचा मासा घरात आला की सेनोवारा सावध व्हायची. क्वालालंपूरच्या भाजीबाजारामागच्या या खोलीत आठ वर्षं काढली, इथं कुणी कुणाला मिरचीसुद्धा फुकट देत नाही. आणि हा फारीक आठवड्यात दुसऱ्यांदा मासा घेऊन दारात उभा.

आराकानहून पळून आलेल्या रोहिंग्यांचे निर्वासितपणाचे अर्ज फारीक भरून द्यायचा. कार्ड मिळालं की पोलीस उठसूट उचलून नेत नाहीत, दवाखान्यात निम्मेच पैसे पडतात. सेनोवाराच्या घरात कुणाकडेच कार्ड नव्हतं.

"भाभी, हफ्सा दिसत नाही?"

"शाळेत. लेकरं दुसरीकडं कुठं असतात या वेळी?"

"लेकरू कसलं आता," म्हणत तो तिच्या नवऱ्याकडं, शुक्कुरकडं बघून हसला. शुक्कुर खाली मान घालून बसला होता. पाणी कुठंतरी मुरत होतं.

"काय शिजतंय तुमचं दोघांचं?" माशाला हात न लावता तिनं विचारलं.

"अर्जात हफ्सा अठराची दाखवलीय," शुक्कुर पुटपुटला. "फारीकच्या भावाची बायको म्हणून. त्याच्याकडं कार्ड आहे. तिचं काम लवकर होईल, मागनं आपलं. असं हा म्हणतो."

"चौदाची आहे ती."

"पळताना आणलेल्या कुटुंबयादीत तिचं नाव कुठंय?" फारीक म्हणाला. "यादीनंतर जन्मली, म्हणजे आपण सांगू ते वय. मात्र मुलाखतीत तुमचं दोघांचं जुळलं नाही, तर फाईल बंद. सगळ्यांची."

नवऱ्याचं नाव लागलं की पोर सुखरूप, असं म्हणत या वस्तीनं किती पोरी चुलीपाशी बसवल्या, त्याची यादी मात्र कुणी केली नव्हती.

मुलाखतीच्या दिवशी निर्वासितांच्या कार्यालयात शुक्कुर आधी आत जाऊन आला. "अठरा," तो तिच्या कानाशी म्हणाला. आतला दुभाषी गोड हसला. तिला तोही फारीकचाच वाटला.

"मला दुभाषी बाई पाहिजे," ती म्हणाली. तासभर थांबावं लागलं, पण बाई आली.

मुलीचं वय विचारल्यावर सेनोवारानं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फोटो काढला. गावात दरवर्षी शिपाई यायचे, घरातल्या सगळ्यांना अंगणात उभं करायचे, हातात नंबर-तारखेची पाटी देऊन फोटो काढायचे. पळताना त्यातला हा एकच हाती लागला होता.

"यात हफ्सा नाही," टेबलापलीकडची अधिकारी म्हणाली.

"आहे." तिनं फोटोतल्या स्वतःच्या पोटावर बोट ठेवलं. "सातवा महिना होता. पाटी मीच धरलीय, म्हणून पोट अर्धं झाकलंय. तारीख बघा आणि मोजा."

"तुमच्या नवऱ्यानं वेगळं सांगितलंय."

"घाबरलाय तो. मीही घाबरलेय. फाईल बंद करायची तर करा. पण माझी पोर कुणाची बायको नाही. तेवढं लिहा."

अधिकारी बाईनं लिहून घेतलं. कार्ड आलं नाही, नकारही आला नाही, चौकशी लांबली. शुक्कुर घरी जेवेनासा झाला. बाजारात फारीक सांगत फिरला, त्या बाईनं पाटीचा फोटो दाखवून स्वतःच्या घरावर धोंडा घातला म्हणून. सेनोवारा रात्रंदिवस दाराची चाहूल घेत राहिली.

चौथ्या आठवड्यात दार वाजलं. शेजारची रमिदा होती. तिच्या मुलीचा निकाह जुम्म्याला ठरलेला. मागं कुणी आहे का बघत ती आत शिरली आणि ओढणीखालून प्लास्टिकमधला फोटो काढला.

"माझी तस्मिन यात पोटात आहे. सगळे अठरा म्हणतात. मला आता काही कळेनासं झालंय गं."

सेनोवारानं आधी दाराला कडी घातली. मग हाक मारली, "हफ्सा, इकडं ये. मी पाटीवरचे आकडे सांगते, तू वर्षं मोज."

हफ्सानं बोटांवर मोजलं. पुन्हा एकदा मोजलं.

"तेरा," ती म्हणाली.