बेचाळीस ओळी

वाकडी शिवण दिसली की माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्याला माझा इलाज नाही. एकतीस वर्षं मी तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात दुरुस्ती खात्यात काढली. वरच्या मजल्यावर गिऱ्हाइकं आरशासमोर पोट आत ओढून उभी राहायची आणि खाली तळघरात त्यांचं खरं पोट आमच्या टेपवर यायचं. कमरेला सैल कर, बाह्या आखूड कर, पँटची लांबी सोड. माझ्या हातून गेलेल्या कपड्यात दुरुस्ती नेमकी कुठे झाली, हे मूळ शिवणाऱ्यालाही सापडलं नसतं. आमच्या धंद्यात हीच शाबासकी असते.

निवृत्त झाले आणि घरी बसले. बसले म्हणजे अक्षरशः बसवली गेले. सून स्वभावाने चांगली आहे, आवाज चढवत नाही. "आई, तुम्ही बसा," म्हणते आणि मी घासलेली भांडी माझी पाठ वळली की पुन्हा विसळून काढते. भांडायचं तरी कशावरून? तिसऱ्या महिन्यात मुलाने वाचनालयातून एक कागद आणला. 'कापड, कागद, रंग आणि गप्पा. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन.' म्हणाला, "आई, तुझ्यासारखीच माणसं असतील तिथे."

माझ्यासारखं एकही माणूस तिथे नव्हतं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, जुन्या मासिकांचे गठ्ठे ठेवतात त्या खोलीत एक लांबलचक टेबल होतं, आणि त्याच्याभोवती आठ बायका आणि एक निवृत्त लिफ्टवाले. सगळे मिळून वाचनालयाच्या प्रवेशाच्या भिंतीसाठी एक मोठी गोधडी करत होते. ज्याचा त्याचा हातभर चौकोन, मग सगळे चौकोन जोडायचे. आता गोधडी म्हटल्यावर मला वाटलं, कापडाला कापड जोडतील. लिफ्टवाले तांब्याची तार विणत होते. एक नर्सबाई गोळ्यांची रिकामी पाकिटं कापडावर टाचत होत्या. कुणी बसची तिकिटं चिकटवलेली, कुणी एक्स-रेची फिल्म कापून तिचे पक्षी केलेले.

"ही धुणार कशी?" मी विचारलं.

"धुवायची नाही," हे सगळं चालवणाऱ्या चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. वयाने माझ्या सुनेएवढ्या, बोटं कायम निळी.

"पांघरायची?"

"पांघरायचीही नाही. बघायची."

"मग हिला गोधडी कशाला म्हणायचं? तक्रारवही म्हणा."

सगळे खो-खो हसले. मी विनोद केला नव्हता, पण एकतीस वर्षांत तळघरात माझ्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं. तेव्हा पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा गेले.

माझा चौकोन मी दोन दिवसांत पुरा केला. बारा प्रकारचे टाके, काठ सुतात, मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ. चित्रकलेच्या बाईंनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "सुंदर आहे," म्हणाल्या, "पण मास्तर, यात तुम्ही कुठे आहात?"

मी कुठे आहे? मी समोर खुर्चीवर आहे! तळपायाची आग मस्तकात गेली. तार वाकडीतिकडी खुपसणारा माणूस कलावंत, आणि मी नुसती शिवणकाम करणारी. घरी जाताना ठरवलं की बास, आता या खोलीत पाऊल टाकायचं नाही. मंगळवारी अडीचलाच मी जिन्यात उभी होते. कारण खरं सांगायचं तर ते 'मास्तर' मला आवडलं होतं. कुणाची मशीन अडली, दोरा तुटायला लागला, अस्तर ओढ घेऊ लागलं की "मास्तरांना विचारा" व्हायचं. एक दिवस उशीर झाला तर नर्सबाईंनी फोन केला, "येताय ना?" आठवड्यातून दोनदा कुणीतरी माझी वाट बघायचं. एवढंच होतं माझ्याकडे, आणि ते जाऊ नये म्हणून मी त्या टेबलावरचं सगळं डोळ्यांआड करायला शिकले.

सगळं, एक सोडून. माझ्या समोरच नकाशाबाई बसायच्या. जन्मभर एका कचेरीत नकाशे काढलेल्या, म्हणून हे नाव. बोलायच्या फार कमी, आणि बोलल्या की एकेक शब्द शोधून आणल्यासारख्या. त्यांचा चौकोन म्हणजे पांढरा मांजरपाट आणि त्यावर लाल दोऱ्याचा साधा धावदोरा. आडव्या ओळी, एकाखाली एक. बाकी काही नाही. आणि त्या ओळी! वरच्या तर बघवत नव्हत्या. एक टाका तांदळाएवढा, पुढचा बोटभर, ओळ सुरू व्हायची एकीकडे आणि संपायची भलतीकडे. मी समोर बसून ते बघायची आणि माझे हात शिवशिवायचे. दोनदा मी म्हटलंही, "खडूने रेघ मारून देऊ का?" त्यांनी मान हलवली, नको.

गोधडी टांगायला पंधरा दिवस उरले तेव्हा चौकोन जोडायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. एवढ्या जाडीचं, तारांचं, फिल्मचं काम दुसऱ्या कुणाच्या बापाच्यानं झालं नसतं. मी सगळं घरी आणलं, पलंगावर मांडलं आणि उभी राहून पाहिलं. लांबून बरं दिसत होतं, हे मान्य करायला जिवावर आलं. पण मधोमध तो नकाशाबाईंचा चौकोन. येणारी-जाणारी माणसं हसतील बिचारीला, असं मनात आलं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

अर्धं ब्लेड घेतलं आणि उसवायला बसले. बेचाळीस ओळी. मग सुताने खुणा करून, तोच लाल दोरा, तोच धावदोरा, बेचाळीसच्या बेचाळीस ओळी सरळ घातल्या. जुन्या टाक्यांची भोकं राहतात, ती नखाने घासून आणि वाफेची इस्त्री फिरवून बुजवली. दोन दिवस लागले. मान मोडून आली, पण काम असं झालं की मूळचं काही होतं यावर विश्वास बसू नये. सुनेने दारातून पाहिलं, "आई, किती छान," म्हणाली, आणि मी फुशारून गेले.

मंगळवारी टेबलावर गोधडी पसरली. टाळ्या पडल्या. प्रत्येकजण आपापल्या चौकोनापाशी जाऊन उभा राहिला, बोट फिरवू लागला, लिफ्टवाल्यांनी तर फोटोही काढले. नकाशाबाई टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू गेल्या. मग परत आल्या. चष्मा काढून पुसला.

"माझा कुठाय?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, थट्टा करतायत. मी पुढे होऊन मोठ्या दिमाखात बोट ठेवलं. "हा काय! थोडा नीट केलाय, एवढंच."

त्यांनी वाकून पाहिलं. कडेपासून कडेपर्यंत तळवा फिरवला. "हा नाही माझा," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून खाली बसल्या.

लिफ्टवाल्यांनी फोन खिशात घातला. शेवटी नर्सबाईंनी मला खिडकीपाशी नेलं. माझ्या येण्याआधीची गोष्ट होती, म्हणून मला ठाऊक नव्हती. नकाशाबाईंना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला होता, बोलणंही. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं होतं, रोज सुई धरा, रोज एकच ओळ. वरची ओळ पहिल्या दिवसाची, ती घालायला त्यांना अख्खी सकाळ लागली होती. खालची बेचाळिसाव्या दिवसाची.

"वरून खाली ओळ जरा सुधारत गेलेली तुमच्या लक्षात नाही आली?" नर्सबाईंनी विचारलं.

नाही आली. बोटभर चुकलेली बाही मला रस्त्याच्या पलीकडून दिसते, पण ते दिसलं नाही. माझीच मला लाज वाटली, आणि त्याच क्षणी रागही आला. सांगायचं नाही का? समोर बसून मला दोन शब्द सांगता येत नव्हते? मी काय माणसं खाते? आणि मग आठवलं की दोन शब्द सांगणं हेच त्यांना जमत नव्हतं. राग काढायला जागाच उरली नाही. कुणालाही न सांगता मी घरी निघून आले.

तीन दिवस मी चडफडत होते. सुनेवर खेकसले, मुलाशी धड बोलले नाही. उसवलेला दोरा कचऱ्यात गेला होता. भोकं मीच बुजवली होती. दुसऱ्या मांजरपाटावर त्या ओळी आठवून घालून बघितल्या, मुद्दाम वाकड्या. पण माझा वाकडेपणासुद्धा मोजून-मापून येत होता. एक वर, एक खाली, एक वर. फाडून टाकला. शुक्रवारी जाऊ नये असं वाटत होतं आणि न जाऊन घरात बसायची कल्पनाही सहन होत नव्हती. नर्सबाईंचा फोन आला नाही. साडेतीनला मी चपला घातल्या.

खोलीत शिरल्यावर मी माफी मागितली, पण ती मला नीट मागता येत नाही. "चुकलं माझं. पण तुम्ही आधी बोलायला हवं होतं," असं काहीतरी तोंडातून गेलं. चित्रकलेच्या बाईंनी कपाळाला हात लावला. नकाशाबाई मात्र माझ्याकडे बघत राहिल्या.

"उसवा," त्या म्हणाल्या.

मी तिथेच बसून माझ्या बेचाळीस सरळ ओळी उसवल्या. गोधडीच्या मधोमध पांढरं कापड उघडं पडलं.

"आता तुम्ही परत घाला," मी म्हटलं. "मी हातसुद्धा लावणार नाही."

"खालच्या घालीन. आजच्या हाताच्या." त्या थांबल्या, शब्द शोधला. "वरच्या नाही येणार. हात सुधारला. आता तसा... तसा कापत नाही."

ती आनंदाची बातमी होती आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, आधी एका, मग दुसऱ्या.

"डावा कसाय?"

"डावा? डाव्याने मला जेवणाचा चमचासुद्धा धरता येत नाही."

"मग वरच्या तुम्ही घाला," त्या म्हणाल्या. "उजवा मांडीखाली."

मी सगळ्यांकडे पाहिलं. कुणी माझ्या बाजूने बोलेना. लिफ्टवाल्यांनी तर खुर्ची पुढे सरकवली. मी उजवा हात मांडीखाली दाबला आणि लगेच तोंडघशी पडले, कारण एका हाताने सुई ओवणार कशी? नर्सबाई पुढे झाल्या, तोच नकाशाबाईंनी सुई स्वतःकडे घेतली.

त्यांचा हात सुधारला होता, पण एवढाही नाही. दोरा नेढ्याच्या डावीकडून गेला. मग उजवीकडून. त्यांनी टोक ओलं केलं, पुन्हा धरलं, पुन्हा चुकलं. माझा उजवा हात मांडीखाली तडफडत होता. एका क्षणाचं काम! नुसतं द्या इकडे, आत्ता देते ओवून. ओठावर आलेलं मी गिळलं. सातव्या वेळी दोरा आत गेला. त्यांनी सुई माझ्या डाव्या हातात दिली आणि चौकोनाचं कापड ताणून धरलं.

पहिला टाका बोटात गेला. दुसरा कापडात, पण कुठल्या कुठे. घाम फुटला, जीभ बाहेर आली, तासाभरात वीतभर ओळ झाली आणि ती मध्येच डोंगर चढून उतरली. "गेली, गेली, वर गेली!" लिफ्टवाले ओरडत होते. माझी एवढी फजिती माझ्या आईनेही कधी पाहिली नव्हती. शिव्या द्याव्याशा वाटत होत्या आणि हसूही आवरत नव्हतं, आणि समोर नकाशाबाई अर्ध्या तोंडाने, पण पोटभर हसत होत्या.

ओळ कडेला पोचली तेव्हा सात वाजून गेले होते. चित्रकलेच्या बाईंनी टांगायच्या तारखेचा विषय काढला. आठ दिवसांत फार तर आठ ओळी होतील, म्हणाल्या, लोक विचारतील अर्धवट का टांगली.

"सांगा, काम चालू आहे," मी म्हटलं.

नकाशाबाईंनी ओळीवर बोट फिरवलं, एकेका टाक्यावर थांबत, अगदी शेवटपर्यंत. मग एका चिठ्ठीवर त्यांनी आपला पत्ता लिहायला घेतला. अक्षरं थरथरत, सावकाश उमटत होती. मी हात मांडीखालून न काढता थांबून राहिले.

"उद्या घरी या," चिठ्ठी माझ्याकडे सरकवत त्या म्हणाल्या. "दुसरी ओळ. मी वाट बघीन."